हाड पाहावें म्हणजे काय पाहावें?

सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे आमच्याकडील वडील माणसें एक शब्द हटकून वापरतात. मुलगा शिकलेला आहे, घरीं शेतीवाडी आहे, दुकान बरें चालतें, हें सारें ऐकून घेतल्यावर तीं आवाज जरा खालीं आणून विचारतात, "पण हाड कसें आहे?" या प्रश्नाचा अर्थ मुलाची प्रकृति कशी आहे असा नसतो, त्याच्या कुळांत कोठें भेसळ झालेली नाहीं ना, असा असतो. पुणें शहरांत शाळा-कॉलेजें इतकीं झालीं, सुधारणेवर व्याख्यानें देणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या, तरी हा प्रश्न मेलेला नाहीं. फक्त तो ओटीवर न विचारतां माजघरांत विचारला जातो, किंवा छापील जाहिरातींत 'अनुरूप' या सभ्य शब्दाआड दडून बसतो. ज्या अर्थीं हाडावर आमचा इतका भरंवसा आहे, त्या अर्थीं तें हाड एकदां खरोखरच हातांत घेऊन पाहावें आणि त्यावर काय लिहिलें आहे तें वाचावें, असें आम्हांस वाटतें. आजचा लेख तेवढ्यासाठींच आहे.

प्रथम मस्तक घेऊं. कवटी म्हणजे एकच पोकळ गोळा असावा असें पाहणाऱ्यास वाटतें; वस्तुतः ती २२ हाडांची जुळणी आहे. त्यांपैकीं ८ हाडें मेंदूभोंवतीं पेटी तयार करतात व १४ हाडें चेहरा घडवितात. खालचा जबडा तेवढा हलतो. बाकीचीं हाडें करवतीच्या दात्यांसारख्या शिवणींनीं एकमेकांत अडकलेलीं असतात. जन्माच्या वेळीं या शिवणी सैल असतात, आणि तें सैलपण नसतें तर मुलाचें डोकें आईच्या कटिरांतून बाहेर येणें कठीण झालें असतें. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर जी मऊ टाळू हातास लागते व जिच्यावर आमच्या आज्या तेल थापतात, ती म्हणजे हाडें अद्यापि एकमेकांस न भेटलेली जागा. मागची लहान टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत व पुढची मोठी सुमारें दीड वर्षापर्यंत भरून येते. ती तेलानें भरत नाहीं, हाड वाढल्यानें भरते. पेठेंतल्या वाड्यांत ती ज्या क्रमानें भरते त्याच क्रमानें नदीकांठच्या झोपडींतही भरते. मात्र मुलास पुरेसें अन्न व अंगास ऊन मिळालें नाहीं तर ती भरावयास विलंब लागतो. म्हणजे टाळूला गोत्र समजत नाहीं, पण उपासमार समजते. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तोच कामास येणार आहे.

आतां पाठीचा कणा. यांत लहान मुलाचे ३३ मणके असतात: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्रिकाचे ५ आणि अगदीं शेवटीं माकडहाडाचे बहुधा ४. वय वाढेल तसे त्रिकाचे पांच मिळून एक हाड बनतें व माकडहाडाचेही तसेंच होतें, म्हणून प्रौढ मनुष्याच्या कण्यांत २६ हाडें मोजलीं जातात. मानेचे सातच मणके उंच मानेच्या जिराफासही असतात. तेव्हां मान ताठ ठेवण्यांत विशेष भूषण मानणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. मानेच्या पहिल्या मणक्यावर डोकें पुढें-मागें झुकतें व दुसऱ्या मणक्याच्या खुंटीवर तें डावी-उजवीकडे फिरतें. म्हणजे आम्ही होकार पहिल्या मणक्यावर देतों आणि नकार दुसऱ्यावर. मूल जन्मतें तेव्हां त्याचा कणा एकाच बाकाचा असतो. तें मान धरूं लागलें कीं मानेचा बाक तयार होतो, आणि उभें राहून चालूं लागलें कीं कमरेचा. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभराच्या भारानें दबतात, म्हणून सायंकाळीं मनुष्य सकाळपेक्षां अंदाजें एक सेंटिमीटर ठेंगणा भरतो. हमालाच्या पाठीवरचें पोतें आणि गादीवर दिवसभर वांकून बसणाऱ्या दुकानदाराची बैठक, दोन्हींचा हिशेब कण्याच्या वहींत मांडला जातो. ही वही खोटी लिहितां येत नाहीं.

तिसरा भाग छातीचा पिंजरा. बरगड्यांच्या १२ जोड्या पाठीच्या १२ मणक्यांस मागून जोडलेल्या असतात. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेनें छातीच्या मधल्या हाडास थेट मिळतात. पुढच्या ३ वरच्या कूर्चेचा आधार घेतात. आणि शेवटच्या २ पुढच्या बाजूस मोकळ्याच राहतात. हा पिंजरा असला तरी तो लोखंडी नव्हे. श्वास घेतांना बादलीची कडी उचलावी तशा बरगड्या बाजूंनीं वर उचलल्या जातात, छाती रुंदावते आणि वारा आंत येतो. स्त्रीच्या बरगड्या पुरुषाहून एकानें अधिक किंवा उण्या असतात अशी समजूत अनेक देशांत होती. ती खोटी आहे. दोघांसही बाराच जोड्या असतात. श्वास घेण्याचें यंत्र सृष्टीनें स्त्रीपुरुषांस एकाच मापानें दिलें आहे. घराबाहेर येऊन तो मोकळेपणानें घेण्याची परवानगी कोणास किती द्यावी, एवढें आम्हीं ठरविलें.

असें सांगतांच कोणी म्हणेल, हें पाश्चात्य शास्त्र झालें, आमच्या पूर्वजांस याहून अधिक ठाऊक होतें. ठाऊक होतें, हें आम्ही अभिमानानें मान्य करतों. पण तें त्यांस कसें ठाऊक झालें हेंही सांगावें लागेल. सुश्रुतानें शल्यतंत्राच्या दृष्टीनें ३०० अस्थि सांगितल्या. आजचें शास्त्र प्रौढ मनुष्यांत २०६ मोजतें. हा विरोध वरवरचा आहे, कारण सुश्रुताच्या गणनेंत दांत आणि कूर्चाही धरलेल्या आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रेत गवतानें वेष्टून, पिंजऱ्यांत ठेवून, वाहत्या पाण्यांत सात रात्री बुडवावें आणि मग त्वचेपासून एकेक थर खरवडून आंतील भाग डोळ्यांनीं पाहावा, असा विधि त्यानेंच घालून दिला. शिष्यानें नुसतें पठण करून भागणार नाहीं, प्रत्यक्ष पाहिलें पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पुढें आम्हीं पठण ठेविलें आणि पाहणें सोडून दिलें. प्रेतास शिवल्यानें विटाळ होतो या भीतीनें वैद्याचा हात आंखडला. १८३६ सालीं कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनीं शवच्छेदनगृहांत पाऊल ठेवून शस्त्र हातीं घेतलें, तेव्हां तें परकीयांचें अनुकरण होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. सुश्रुताच्या मोडलेल्या घराचा दरवाजा त्यांनीं पुन्हा उघडला, असें म्हणूं.

आतां हाड काय सांगतें तें पाहूं. कोर्टांत ज्यांस फौजदारी खटल्यांच्या निमित्तानें बसावें लागतें, त्यांस डॉक्टरांची साक्ष परिचयाची आहे. सांपडलेल्या सांगाड्याच्या कटिराचा आकार पाहून तो स्त्रीचा कीं पुरुषाचा हें ते बहुतेक खात्रीनें सांगतात. दांत, हाडांचीं टोकें व कवटीच्या शिवणी पाहून वयाचा अंदाज देतात. मार जिवंतपणीं बसला कीं मेल्यावर, जुना मोडलेला हात सांधला होता कीं नाहीं, हेंही सांगतात. बालपणीं झालेल्या उपासमारीच्या किंवा दुखण्याच्या आडव्या रेषा दांतांवर कायम राहतात. इतकें सारें हाड बोलतें. परंतु हाड हातांत घेऊन मयताची जात सांगणारा डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिलेला आम्हीं कधीं पाहिला नाहीं.

कोणी म्हणेल, हे आजकालचे सांगाडे झाले. पूर्वीं वंश शुद्ध होते. तर पूर्वींचेही पाहूं. पुणें जिल्ह्यांतच, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें आमच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत तेथें शेतकऱ्यांचें गांव नांदत होतें. त्या लोकांनीं आपले मृत घराच्या जमिनीखालीं किंवा अंगणांत पुरले. लहान मुलांस दोन मडक्यांचीं तोंडें एकमेकांस लावून त्यांत निजविलें. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखालीं तोडून पुरण्याची चाल होती. या अस्थींचा तपशीलवार अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे व अमेरिकेचे जॉन ल्युकाक्स यांनीं केला आणि तो १९८६ सालीं ग्रंथरूपानें आला. त्या गांवाच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक मोठें घर व त्यास लागून धान्याचें कोठार सांपडलें. त्याच्या अंगणांत चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणांत मांडी घातलेल्या स्थितींत एक पुरुष पुरलेला होता, आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. तो गांवचा प्रमुख असावा असा विद्वानांचा तर्क आहे. पण हा तर्क त्यांनीं कशावरून केला? घरावरून, कोठारावरून, रांजणावरून आणि पुरण्याच्या रीतीवरून. त्याचे मणके मोजून कोणासही त्याचें मोठेपण सांपडलें नसतें. तीन हजार वर्षांपूर्वींही थोरपणा मडक्याचा होता, हाडाचा नव्हे.

तथापि हाडांत थोरपणा शोधण्याचा उद्योग अडाणी लोकांनींच केला असें नाहीं. तो मोठमोठ्या पदवीधरांनीं केला. एकोणिसाव्या शतकांत स्वीडनच्या आंदर्स रेट्झियस यानें कवटीच्या रुंदीस लांबीनें भागून शंभरानें गुणण्याची रीत काढली. उत्तर ७५ च्या खालीं आलें तर कवटी लांबट, ८० च्या वर आलें तर रुंद, मधलें तें मध्यम. गणित निरुपद्रवी होतें. त्यावर बांधलेले इमले तसे नव्हते. आमच्या देशांत १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनीं हीच युक्ति नाकास लाविली, आणि नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. परकीय राज्यकर्त्यानें लोकांचीं नाकें मोजून त्यांची प्रतवारी लावावी, आणि आमच्यांतील कित्येक विद्वानांनीं आपली प्रत वरची लागली म्हणून मनांतल्या मनांत सुखावावें, यासारखी मानखंडना दुसरी कोणती? गुलामानें आपल्या बेडीचें माप इतरांहून मोठें आहे म्हणून मिरविण्याचाच हा प्रकार.

येथें आम्हांस आमच्या शहरांतील एका विदुषीची आठवण करून द्यावयाची आहे. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला; शिक्षण पुण्यांत हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत झालें; महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. पुढें त्या जर्मनीस गेल्या आणि बर्लिन येथील मानववंशशास्त्राच्या नव्यानेंच निघालेल्या संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन करूं लागल्या. फिशर हे त्या काळचे नांवाजलेले प्राध्यापक. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, आणि हा विषमपणा त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण होय, अशी त्यांची कल्पना होती. कवट्या मोजून ही कल्पना सिद्ध करावी, हें काम या तरुण हिंदु स्त्रीकडे आलें.

बाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपांतील होत्या, तशाच युरोपबाहेरच्या लोकांच्याही होत्या. युरोपबाहेरच्या कवट्या जर्मनीस कशा पोंचत, याचा इतिहास अंगावर कांटा आणणारा आहे. नैर्ऋत्य आफ्रिकेंत १९०४ ते १९०८ या काळांत जर्मन सैन्यानें हेरेरो व नामा लोकांचा संहार केला आणि त्यांतील कित्येकांचीं मस्तकें 'शास्त्रा'साठीं बर्लिनला धाडलीं. २० कवट्या २०११ सालीं बर्लिनच्या रुग्णालयानें नामिबिया देशास परत केल्या. फिशर यांनीं स्वतः १९०८ सालीं त्याच मुलुखांत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांचीं मापें घेतलीं होतीं. असल्या इमारतींत, असल्या गुरूच्या देखरेखीखालीं, परक्या भाषेंत, एकटी बसून ही पुण्याची विद्यार्थिनी मापें घेत होती. आणि मापांनीं काय सांगितलें? विषमपणा सर्वच कवट्यांत थोडाबहुत आहे. वंशाशीं त्याचा कांहींएक संबंध दिसत नाहीं. गुरूस जें उत्तर हवें होतें तें आलें नाहीं. आणि बाईंनीं जें आलें तेंच प्रबंधांत लिहिलें. प्रबंध पुरा होऊन १९३० च्या सुमारास त्या डॉक्टर होऊन परत आल्या.

या गोष्टीचें मोल आमच्या व्यापारी वाचकांस कोणी समजावून सांगावयास नको. गिऱ्हाईक पाहून तागडीस बोट लावणारा दुकानदार आणि निकाल आधीं लिहून ठेवून मग साक्षीदार बोलावणारा न्यायाधीश, हे दोघे एकाच जातीचे. आणि जाती असल्याच तर त्या अशाच असतात. फिशर यांनीं भाव आधीं ठरविला होता व माप नंतर घ्यावयाचें होतें. इरावतीबाईंनीं माप आधीं घेतलें आणि भाव मापावर सोडला. त्या वेळीं त्या परक्या देशांत होत्या, पदवी गुरूच्या हातीं होती, आणि गुरूस खूष करणें हें सोपें व फायद्याचें होतें. सत्य सांगण्यास लागणारें धैर्य सभेच्या व्यासपीठावर जितकें लागतें, त्याहून तें अशा एकांतांतल्या टेबलावर अधिक लागतें, कारण तेथें टाळ्या वाजविणारा कोणी नसतो.

ज्यांनीं उलट केलें त्यांचें काय झालें, हेंही जगानें पाहिलें. फिशर १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३५ सालीं न्युरेंबर्गचे कायदे झाले आणि कोणाचा आजा कोण होता यावर मनुष्याचें नागरिकत्व ठरूं लागलें. १९३७ सालीं ऱ्हाइन प्रांतांतील ज्या मुलांचे बाप आफ्रिकी होते, त्यांस सक्तीनें निर्बीज करण्यांत आलें. त्या कामीं लागणारे अभिप्राय देणारांत फिशर यांच्या संस्थेचे शास्त्रज्ञ होते. पुढें लक्षावधि यहुदी लोकांचें जें झालें तें सर्वश्रुत आहे. 'हाड कसें आहे' हा प्रश्न माजघरांतून निघून सरकारी कचेरींत गेला म्हणजे त्याचा शेवट कोठें होतो, याचा हा पुरावा. आमच्या माजघरांतला प्रश्न निरुपद्रवी आहे असें मानणारांनीं, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध परजातींत लग्न केलें म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या आपल्याच प्रांतांत कां छापाव्या लागतात, याचें उत्तर द्यावें.

इरावतीबाई १९३९ पासून १९७० सालीं त्यांचें निधन होईपर्यंत डेक्कन कॉलेजांत होत्या. त्यांनीं महाराष्ट्रांतील अनेक जातींच्या लोकांचीं मापें घेतलीं, डॉ. सांकळिया यांच्याबरोबर गुजराथेंत लांघणज येथें प्राचीन मानवी अस्थि शोधल्या, आणि हिंदु समाजाच्या घटनेवर ग्रंथ लिहिले. बर्लिनचा अनुभव घेऊनही त्यांनीं डोकीं-नाकें मोजण्याचें काम इतकीं वर्षें कां चालू ठेविलें, असा प्रश्न आज विचारला जातो, आणि तो वाजवी आहे. आमच्या मतें त्यांचीं मापें घेण्याची पद्धत त्या काळची होती व तिच्या मर्यादा तिला होत्या. परंतु माप आणि मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा बर्लिनचा धडा आम्हीं त्यांच्याकडून घ्यावा. १९४८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अस्पृश्यांविषयींच्या आपल्या ग्रंथांत तर शत्रूचेंच शस्त्र उलटविलें: नाकांच्या मापांवर विश्वास ठेवावयाचा असेल, तर ब्राह्मण व अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. अस्पृश्यता वंशभेदांतून आली हा समज त्यांनीं त्या मापांच्याच आधारें खोडून काढला.

आमच्यावर एक आक्षेप येईल, त्याचें उत्तर देऊन ठेवितों. कोणी म्हणेल, हाडांत नसेल पण रक्तांत, रक्तांत नसेल पण आजकाल ज्यास जनुकें म्हणतात त्यांत तरी भेद असेल. भेद आहे. भाऊ-भाऊ सारखे नसतात, मग समाज कसे असतील? परंतु १९७२ सालीं रिचर्ड लेवॉन्टिन यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, मनुष्यामनुष्यांतील एकूण भेदापैकीं सुमारें ८५ टक्के भेद एकाच लोकसमूहाच्या आंत असतो. समूहासमूहांच्या वांट्यास उरलेला थोडा येतो. आणि २०१३ सालीं हैदराबादच्या व अमेरिकेच्या संशोधकांनीं मिळून असें दाखविलें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत या देशांतील निरनिराळे लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि त्यानंतर केव्हां तरी जातीबाहेर सोयरीक न करण्याची रूढि घट्ट झाली. म्हणजे बंद केलेल्या प्रत्येक दरवाजाच्या आंत मिश्र झालेलेच लोक बसले आहेत. ज्या भेसळीचा आम्हांस इतका धाक, ती आमच्या सर्वांच्या घरीं कुलदैवताच्याही आधीं येऊन बसली आहे.

इतका विचार मान्य असणारांपुढें आम्ही एक कृतीची गोष्ट ठेवितों, कारण नुसता विचार मान्य करणें ही पुण्यांतील जुनी व स्वस्त सुधारणा आहे. ज्या डॉक्टराच्या हातीं आपण आपली छाती व पाठ विश्वासानें देतों, तो हें हाडामांसाचें ज्ञान मृत देहावर शिकलेला असतो. तो देह कोणाचा असतो? १९४९ सालीं मुंबई इलाख्यांत झालेल्या कायद्यानें, ज्या प्रेतावर हक्क सांगावयास कोणी आप्त येत नाहीं, तें वैद्यकीय शिक्षणासाठीं देण्याची सोय केली. कायदा आवश्यक होता. परंतु त्याचा अर्थ नीट पाहावा. रस्त्यावर मेलेला भिकारी, रुग्णालयांत एकटाच गेलेला मजूर, ज्यास जिवंतपणीं आपल्या ओटीवर बसूं दिलें नसतें असा मनुष्य, त्यानें न विचारतां आपला देह दिला, आणि त्यावर शिकलेल्या हातांनीं आमचे प्राण वांचले. सबंध जगांतील वैद्यकीय शाळांस सांगाडे पुरविण्याचा व्यापारही कित्येक वर्षें आमच्याच देशांतून, विशेषतः कलकत्त्याहून चालला होता. १९८५ सालीं सरकारनें निर्यात बंद केली. ते सांगाडे कोणा सरदार-सावकारांचे नव्हते, हें सांगावयास नको. गरिबाच्या हाडावर विद्या शिकावयाची आणि सोयरिकीच्या वेळीं त्याच्याच हाडास नाक मुरडावयाचें, हा व्यवहार कोणत्या धर्मांत बसतो?

म्हणून सुखवस्तु व सुशिक्षित घराण्यांनीं देहदान करावें, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. पुण्यांत ससून रुग्णालयाशेजारीं बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, तें १९४६ सालीं महाविद्यालयाच्या पदवीस चढलें, लष्करी वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे, इतरही आहेत. शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या विभागांत देहदानाची नोंद करतां येते. मात्र नुसता कागद भरून पेटींत ठेविल्यानें काम होत नाहीं. मृत्यूनंतर देह सुपूर्त करणें आप्तांच्या हातीं असतें, आणि तें थोड्याच तासांत व्हावें लागतें. सबब इच्छा घरांत सर्वांस, मुलीसुनांसही, आधींच सांगून ठेवावी. अपघात किंवा खून यांसारखें पोलिसांच्या तपासाचें प्रकरण असल्यास, अथवा कांहीं सांसर्गिक रोग असल्यास देह घेतला जात नाहीं. पोलिसांच्या तपासाच्या प्रकरणांतही नेत्रदान पुष्कळदां शक्य असतें, आणि तें साधारणतः सहा तासांच्या आंत व्हावें लागतें. धर्मास बाध येईल अशी ज्यांस शंका आहे त्यांनीं दधीचि ऋषीची कथा आठवावी. लोककल्याणासाठीं त्यानें आपल्या अस्थि दिल्या, आणि त्यास पुराणांनीं बाटला असें म्हटलें नाहीं. देह दिल्यावर श्राद्धादि क्रिया ज्यांस करावयाच्या असतील त्यांनीं त्या खुशाल कराव्या; आमचें भांडण श्रद्धेशीं नसून गर्वाशीं आहे.

शवच्छेदनगृहांतील टेबलावर जो देह येतो त्याचें नांव विद्यार्थ्यांस सांगत नाहींत. त्याच्या कवटींत २२ हाडें निघतात, कण्यांत २६, आणि बरगड्यांच्या बारा जोड्या. क्वचित् एखादी बरगडी किंवा मणका अधिक-उणा भरला तर तो कोणत्याही घरांत भरतो. त्या टेबलावर जानवें आणि काळा दोरा दोन्ही उतरलेलीं असतात. मनुष्यास समतेचें दर्शन व्हावयास मृत्यूपर्यंत थांबावें लागावें, हें त्याच्या बुद्धीस शोभत नाहीं. यापुढें आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं सोयरिकीची बैठक बसेल आणि कोणी वडील मनुष्य हलक्या आवाजांत "हाड कसें आहे?" असें विचारील, तेव्हां घरांतल्या मुलानें किंवा मुलीनें नम्रपणें पण सर्वांस ऐकूं जाईल असें उत्तर द्यावें: "तुमच्यासारखेंच, मोजून पाहिलेलें आहे."